कात्रपच्या विहिरीचं रीडिंग

रीडिंग शिजवणं म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण त्या कलेत माझा हात धरणारा आमच्या कॉलेजात दुसरा कुणी नव्हता. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट नावाच्या आकडे कोरलेल्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रव सोडायचा, खालच्या फ्लास्कमधल्या पाण्याचा रंग पालटला की थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वहीत लिहायचा. असं तीनदा करायचं. याला म्हणतात रीडिंग घेणं. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात उत्तर किती यायला हवं ते लॅबमधल्या काकांकडून किंवा गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आधीच कळलेलं असायचं. मग उत्तरापासून उलटं गणित करत मागे यायचं आणि तीन आकडे लिहून टाकायचे. कच्ची मुलं तिन्ही आकडे सारखे लिहायची आणि पकडली जायची. मी दोन सारखे लिहायचो आणि तिसरा एक घर वर. चार पॉइंट दोन, चार पॉइंट दोन, चार पॉइंट तीन. त्या तिसऱ्या आकड्यामुळे सगळं खरं वाटायचं. ज्युनिअर मुलं माझ्याकडे हे शिकायला यायची आणि मी त्यांना गंभीर चेहऱ्याने शिकवायचो.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. कॉलेज उल्हासनगरात होतं आणि मी राहायला अंबरनाथला, कारखान्याच्या कॉलनीत. वडील तिथे ऑफिसर होते. दोन वर्षं मी वर्गात पहिला आलो होतो, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगायचो.

टी.वाय.ला, म्हणजे शेवटच्या वर्षाला, आम्हाला नव्या मॅडम आल्या. पस्तिशीच्या असतील, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि उजव्या हाताच्या बोटांवर काळपट डाग. पहिल्या तासाला आम्ही सवयीप्रमाणे वह्या उघडून, वर तारीख घालून बसलो, कारण आमच्याकडे शिकवणं म्हणजे नोट्स सांगणं आणि शिकणं म्हणजे त्या उतरवून घेणं. मॅडमनी पिशवीतून पाण्याने भरलेली बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"यात काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे वहीवरची तारीख गिरवायला लागले. शेवटी मीच उठलो, पहिला नंबर होता ना. म्हणालो, "मॅडम, आम्हाला कसं माहीत असणार?"

"मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारते."

माझ्याशेजारी उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधला माझा सिंधी मित्र बसायचा. त्याच्या वडिलांचं पत्र्याचे डबे बनवायचं वर्कशॉप होतं आणि कॉलेज त्याच्यासाठी वर्कशॉपमधून सुटका होती, एवढंच. तो माझ्या कानाशी म्हणाला, "इनको खुद को नहीं मालूम, आणि आपल्याला शिकवणार! गया अपना साल."

महिनाभर हेच चाललं. नोट्स नाहीत, डिक्टेशन नाही, येणारे प्रश्न सांगणं नाही. प्रश्न विचारला की मॅडम उत्तर द्यायच्या नाहीत, दुसरा प्रश्न विचारायच्या. चुकीचं उत्तर दिलं तरी "चूक" म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "कसं कळलं?" आणि बरोबर उत्तर दिलं तरी तेच. वर्गात भलतीच चुळबुळ सुरू झाली. परीक्षा विद्यापीठाची, पेपर बाहेरून यायचे, आणि या बाई आम्हाला कोडी घालत बसलेल्या! आम्ही विभागप्रमुखांकडे अर्ज करायचं ठरवलं. अक्षर माझं चांगलं, भाषा माझी चांगली, तेव्हा अर्ज मी लिहिला. चार मुद्दे होते. तिसरा मुद्दा मला अजून पाठ आहे: "मॅडम शिकवीत नाहीत, उलट आम्हालाच विचारतात."

विभागप्रमुखांनी तो अर्ज मॅडमच्याच हातात दिला. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या, आमचे चारही मुद्दे फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले आणि वर्गाचे दोन भाग केले. उजव्या बाजूने अर्जाच्या बाजूने बोलायचं, डाव्या बाजूने विरुद्ध. "हे अक्षर कुणाचं ते मला ओळखता येतं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तू डावीकडे ये."

मी माझ्याच अर्जाच्या विरुद्ध बोललो, आणि छान बोललो. मला कुठलीही बाजू छान मांडता यायची, कारण कुठलीच बाजू माझी नसायची. पण त्या दिवशी खरी गंमत केली ती माझ्या मित्राने. तीन वर्षांत तो वर्गात पहिल्यांदा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमचे कारीगर लोग पण बघून बघून शिकतात, बरोबर आहे. लेकिन त्यांना माहीत असतं की डबा बनवायचाय. आपल्याला मालूमच नाही काय बनवायचंय." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "हा मुद्दा बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि त्या आठवड्यापासून दर महिन्याला अभ्यासक्रमातलं काय झालं, काय राहिलं, याचा एक कागद त्या फळ्याशेजारी लावायला लागल्या. मित्र दोन दिवस कॉलर वर करून फिरत होता. आपल्या बोलण्याने एक बाई बदलली, हे त्याच्यासाठी नवीनच होतं.

तिथून वर्ग हळूहळू वळायला लागला. मॅडमनी शुक्रवारचा एक शिरस्ता पाडला. प्रत्येकाने आठवड्यात जे मोजलं असेल ते फळ्यावर लिहायचं आणि बाकीच्यांनी त्याला विचारायचं, कसं कळलं? सुरुवातीला मुलं फळ्यापाशी जायला घाबरायची. एक-दोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं. गणपती येईपर्यंत तीच मुलं कॅन्टीनमध्ये चहा थंड करून भांडायला लागली, आणि तेही पाण्याच्या खारेपणावरून! मागच्या बाकावरचे, नापास होता होता वाचलेले, अचानक तोंड उघडायला लागले. त्यांना गमावण्यासारखं काही नव्हतं ना. माझा मित्र तर असले प्रश्न काढायचा की मॅडमसुद्धा थांबून विचार करायच्या.

मला मात्र हे सगळं आवडेना. मी वरवर त्यात होतो, सगळ्यांपेक्षा चांगलं बोलत होतो, पण आतून चिडलेला होतो. ज्या पायऱ्या चढून मी वर बसलो होतो त्या पायऱ्याच या बाईने काढून घेतल्या होत्या. "कसं कळलं" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मला आजवर काही कळलं नव्हतं. जे होतं ते आयतं मिळालेलं होतं. हे मी आज म्हणतो. तेव्हा मी म्हणायचो की बाई नाटकी आहेत.

ऑगस्टमध्ये मॅडमनी विहिरी वाटून दिल्या. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला तेव्हा गावागावांतून वापरातल्या विहिरी होत्या. एका विहिरीला दोघं. दोघांनी दर रविवारी आपापलं पाणी आणायचं, आठवड्यात आपल्या सोयीने लॅबमध्ये मोजायचं, आणि शुक्रवारपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. पाण्यातला खारेपणा मोजायचा होता. ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेट, फ्लास्कमध्ये पिवळं केलेलं पाणी, आणि पिवळ्यावर विटकरी झाक आली की थांबायचं. जितकं जास्त सिल्व्हर नायट्रेट लागेल तितकं पाणी खारं.

माझ्या वाट्याला कात्रपची विहीर आली. कात्रपला तेव्हा बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या, पण मधे मधे शेतं होती. माझी जोडीदार तिथलीच. विहीर तिच्या घरच्यांचीच होती, प्यायला तीच आणि भाजीच्या मळ्यालाही तीच. ती शेतकऱ्याची मुलगी, घरातून कॉलेजात आलेली पहिली. बोलायची गावची बोली, म्हणून पहिली दोन वर्षं वर्गात बोललीच नव्हती. मॅडमच्या तासाला हळूहळू बोलायला लागली होती. तिचा आकडा विचारला की ती आधी पाणी कसं शेंदलं तिथपासून सांगायची. मुलं हसायची, मॅडम ऐकायच्या.

मी दोन रविवार गेलो. अंबरनाथहून बदलापूर एक स्टेशन, तिथून चालत वीस मिनिटं. दोन्ही वेळा मी चार पॉइंट दोनच्या आसपास मोजलं आणि तिनेही. तिसऱ्या रविवारी पाऊस होता आणि कॉलनीत कॅरमची मॅच होती. मी गेलो नाही. बुधवारी लॅबमध्ये ब्युरेट लावून अर्धा तास बसलो आणि वहीत लिहिलं, चार पॉइंट दोन, चार पॉइंट दोन, चार पॉइंट तीन. शुक्रवारी तिचं आलं चार पॉइंट चार. कुणी काही विचारलं नाही. त्यानंतर मी गेलोच नाही.

एकच अडचण होती. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की सुरुवातीला काहीच दिसत नाही, पण ऊन लागलं की तिथे काळा डाग उमटतो आणि आठ-दहा दिवस जात नाही. सप्टेंबरपर्यंत सगळ्या वर्गाची बोटं काळी झाली होती. मुलांना त्याचा अभिमान होता. माझा मित्र एक दिवस माझा हात उलटा करून म्हणाला, "यार, तेरे हाथ तो एकदम गोरे हैं! रीडिंग कोण घेतं तुझं, नोकर?" सगळे हसले, मीही हसलो. त्या संध्याकाळी मी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत लॅबमधून थोडं सिल्व्हर नायट्रेट आणलं, आणि घरी गॅलरीत बसून कापसाच्या बोळ्याने उजव्या हाताच्या बोटांना लावलं. एकेका बोटाला, टोकांना, व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी माझी बोटंही काळी झाली. दर आठवड्याला मी ती रंगवायचो. आईने विचारलं तर सांगितलं, अभ्यास आहे.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी फळ्यावर माझा आकडा होता चार पॉइंट दोन. त्याच्यासमोर तिने लिहिलं, सत्तावीस पॉइंट सहा.

वर्गात गलका झाला. मित्र उठला, "एकच विहीर, दोन लोक, चार आणि सत्तावीस? कोणीतरी एक तो गडबड आहे." ती म्हणाली, "पानी मी सोता शेंदला. मोजला पन मीच, तीनदा." आणि मग हळू आवाजात, "आये पन म्हनते, पानी खारा लागतो."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं?"

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. "मी गेलोच नव्हतो" हे तीन शब्द. पण वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मला बोलायची सवय होती. मी उठलो आणि बोललो. ब्युरेट आधी धुतली नाही तर आकडा फुगतो, म्हणालो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर फुगतो. बाटली कसली होती त्यावरही असतं. इतकं बोलून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मुलं मान डोलवत होती आणि मला चेव चढला. म्हणालो, "शिवाय घरात सुकी मासळी असते. त्याच हाताने बाटली भरली असेल तर मीठ येणारच."

वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. तिने आपल्या हातांकडे पाहिलं, डागाळलेल्या, नखांशी फाटलेल्या. मग मुलांनी न सांगताच हात वर केले, कुणाचं बरोबर म्हणून. माझ्या बाजूला जवळजवळ सगळे. तिने डस्टर उचललं आणि आपलं सत्तावीस पॉइंट सहा पुसून टाकलं. "असंल," ती म्हणाली. "माझाच हात चुकला असंल."

मॅडम ताडकन म्हणाल्या, "हात वर करून पाणी गोड होत नाही. आकडा पुसायचा नाही, लिही परत." तिने तो परत लिहिला, पण आधीपेक्षा बारीक. मॅडमनी निकाल दिला नाही. म्हणाल्या, या रविवारी दोघांनी मिळून जायचं, एकच बाटली भरायची, तिच्यावर दोघांनी सही करायची. उद्यापासून लॅब बंद. दिवाळीनंतर दोघांनी माझ्यासमोर मोजायचं.

रविवारी मी कात्रपला गेलो. जवळजवळ अडीच महिन्यांनी. भात कापून झालं होतं आणि विहिरीच्या कडेने वांग्याच्या, मिरचीच्या रोपांचे वाफे घातले होते, बोट बोट उंचीची हिरवी रोपं. तिने पाणी शेंदलं, आम्ही बाटली भरली, बूच लावलं, चिठ्ठीवर सह्या केल्या. निघताना तिच्या आईने मला ओसरीवर बसवलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं.

मी एक घोट घेतला. पाणी खारट होतं. थोडंसं, शंका यावी असं नव्हे, जिभेला लागताच कळावं असं खारट. त्यासाठी ना ब्युरेट हवी होती ना सिल्व्हर नायट्रेट. मी गेल्या रविवारी येऊन एक घोट घेतला असता तरी पुरलं असतं.

तिची आई समोरच उभी होती. "खारा लागतो का रं बाला पानी? माझे तोंडाला लागतो."

मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. हो म्हणालो असतो तर माझे सगळे चार पॉइंट दोन त्याच ओसरीवर वाहून गेले असते. मी तांब्यातलं पाणी संपवलं आणि म्हणालो, "नाही मावशी, चांगलं आहे."

"मंग बरा," ती म्हणाली. "कालेजची मानसा सांगतान तर बराच असंल. रोपांना ह्योच पानी घालतो नं." मी मान हलवली. बोलण्याएवढी हिंमतही झाली नाही, पण मान हलवण्याएवढा निर्लज्जपणा होता. पुढचे तीन आठवडे सुट्टी होती. कॉलनीत आकाशकंदील लागले, मी फराळ केला, फटाके उडवले, आणि अधूनमधून जिभेवर ती चव यायची. मी वर लाडू खायचो.

सुट्टी संपली त्या दिवशी दुपारी मॅडमनी आम्हाला दोघांना लॅबमध्ये बोलावलं. कपाटातून बाटली काढली, चिठ्ठी दाखवली. "मीठ काही उडून जात नाही," म्हणाल्या, "जसं होतं तसंच असेल." आधी तिने मोजलं. सत्तावीस पॉइंट आठ. मग मी. कितीतरी दिवसांनी मी खरोखरची ब्युरेट हातात धरली होती. चार पॉइंट दोन आले आणि गेले. रंग पिवळाच. दहा गेले, वीस गेले. विटकरी झाक आली तेव्हा आकडा होता सत्तावीस पॉइंट सात.

ती आकड्याकडे बघत राहिली. आनंद झाल्यासारखी दिसली नाही. "माझा बरोबर होता तर," ती म्हणाली. आणि मग मॅडमना सांगितलं, "रोपा करपली मॅडम. सगले वाफे. बाबा आदी विचारत होता, पानी घालू का नको. मीच सांगला, कालेजात ठरलाय, पानी बरा हाय." वर्गातल्या वर झालेल्या हातांबद्दल ती म्हणत होती. तांब्याबद्दल ती काहीच बोलली नाही. विहिरीत ते मीठ कुठून आलं हे कधी कुणाला कळलं नाही. वरच्या अंगाला कुणीतरी काहीतरी ओतलं असावं असं लोक म्हणायचे.

ती वर्गात निघून गेली. मी ब्युरेट धुवायला लागलो. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "हात दाखव."

मी हात पुढे केला. ऊन खिडकीतून येत होतं आणि नवे डाग उमटायला लागले होते. एक अंगठ्याच्या कडेला, एक मनगटावर ओघळ आलेला, एक करंगळीच्या बाजूला. कुठेही, कसेही.

"खरे डाग असे असतात," त्या म्हणाल्या. "तुझे आजवरचे फार टापटीप होते."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून! लाजेने माझे कान तापले, आणि लाजेच्या पाठोपाठ रागही आला, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा. मी म्हणालो, "मग तुम्ही बोलला का नाहीत? तुम्ही बोलला असतात तर ती रोपं वाचली असती."

त्यांनी माझ्या हातातली ब्युरेट घेऊन स्टँडला लावली. मग म्हणाल्या, "हो. वाचली असती. मला वाटलं, विहिरीपाशी जाऊन उभा राहिलास की तूच बोलशील. तिथे माझा अंदाज चुकला." वर्गात सगळ्यांना "कसं कळलं" विचारणारी ही बाई माझ्यासमोर सरळ चूक कबूल करत होती आणि मला तेवढंही जमत नव्हतं. "त्यांच्या घरी मी जाणार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटणीचं मी सांगेन. तुझ्या वाटणीचं मी कुणालाच सांगणार नाही. ते तुझं आहे."

शुक्रवार येईपर्यंत मी नीट जेवलो नाही. आजारी पडायचा विचार केला, कॉलेज बदलायचाही केला. शुक्रवारी सगळ्यांचे आकडे फळ्यावर लागले. कात्रपच्या विहिरीच्या दोन रांगा शेजारी शेजारी होत्या, ऑगस्टपासूनच्या. तिची वेडीवाकडी, शेवटी एकदम वर उडी मारणारी. माझी, शेवटचा आकडा सोडला तर, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी सरळ. मी उठलो आणि डस्टर घेतलं. पहिले दोन आकडे आणि शेवटचा ठेवून मधले सगळे पुसले. खडूची धूळ नाकात गेली.

"हे मी मोजलेले नाहीत," मी म्हणालो. "मी विहिरीवर गेलो नव्हतो. बोटं मी घरी रंगवली."

मला वाटलं होतं, हसतील. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझा मित्र, जो कशावरही हसायचा, त्याने बाकाकडे पाहिलं. मग मला वाटलं, मॅडम काहीतरी म्हणतील. पण मॅडमही मागच्या बाकावर बसून होत्या. त्या तासाला विचारण्याचा हक्क वर्गाचा होता, आणि वर्गातून ती उठली.

तिने "कसं कळलं" विचारलं नाही. शिव्या दिल्या नाहीत. रोपांबद्दलही बोलली नाही. चुकीचं काही राहू नये म्हणून विचारावं तशी म्हणाली, "आमचे घरी पानी प्यायलास तवा तुला खारा लागला होता ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग आयेला का नाय सांगलास?"

दोन वर्षं पहिला आलेला मी, कुठलीही बाजू मांडू शकणारा, फळ्यापाशी डस्टर धरून उभा राहिलो. उत्तर येत नाही असं दिसल्यावर ती म्हणाली, "ती म्हनते, माझीच जीब गेली. शिकलेला पोर खोटा कशाला बोलंल? आता भाजीत मीठ टाकताना पन मलाच चाखाला बोलावते."

एवढं बोलून ती खाली बसली आणि वहीत आपलं या आठवड्याचं रीडिंग लिहायला लागली.